डोंगर कुणी हलवला?

ते चित्र आईनं फ्रेमसाठी घेतलं होतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे बाबांनी त्या खरेदीचा असा काही इतिहास रचला, की ऐकणाऱ्याला वाटावं, चित्रच बाबांचा पत्ता विचारत विचारत विलायतेहून मिशिगनला आलं. खरी गोष्ट एवढीच, की मिशिगनातल्या नोव्हाय गावी आमच्या रस्त्याच्या टोकाला राहणारी एक म्हातारी लेकाकडे राहायला निघाली होती, तिनं गराजसमोर जुनं सामान विकायला मांडलं होतं, आणि आईला त्यातली अक्रोडाच्या लाकडाची एक फ्रेम आवडली. तिच्या माहेरच्या देवीचा फोटो नागपूरहून आल्यापासून कपाटात कपड्यांच्या घडीत झोपून होता. फ्रेमबरोबर आत जे काही येईल ते फेकायचं, असा साधा हिशेब. घरी आल्या आल्या ती स्क्रूड्रायव्हर घेऊन डायनिंग टेबलाशी बसली. पाठीमागचे खिळे निघाले होते आणि चित्र निम्मंअधिक बाहेर आलं होतं, तेवढ्यात बाबा मोटारींच्या प्लँटवरून आले, दारातच उभे राहिले आणि ओरडले, "थांब! हात लावू नकोस!"

आईला वाटलं विंचूबिंचू निघाला. मिशिगनात विंचू नसतात हे तिला माहीत होतं, पण सवय कुठे जाते?

"अहो, मला देवीचा फोटो लावायचाय त्यात."

"देवीला दुसरी फ्रेम घे. हे आमचं गाव आहे."

आईनं चष्मा लावला. चित्र पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, नुसतं काळंपांढरं. समुद्राकडे उतरत गेलेली बुटकी दगडी घरं, त्यांच्यावर गवताची छपरं, वाळूत पालथी घातलेली होडी, खांबांवर वाळत टाकलेली जाळी, कमरेवर टोपली घेतलेली एक बाई आणि दगडी गडग्यावरून मान बाहेर काढून तिच्याकडे बघणारी एक गाय. लाटा इतक्या बारीक रेघांच्या, की जवळून बघताना पापणी लवू नये असं वाटायचं. डाव्या बाजूला समुद्रात घुसलेला एक डोंगर आणि डोंगराच्या टोकावर दगडाची इवलीशी इमारत. खाली पेन्सिलीनं काहीतरी सही, आणि पाठीमागच्या पुठ्ठ्यावर इंग्लंडातल्या कुठल्याशा दुकानाचं लेबल.

"इथं तर इंग्लंड लिहून राहिलंय," आई म्हणाली.

"मग? इंग्रजांनी आपलं काय कमी नेलंय?"

एवढं झाल्यावर खिळे परत ठोकले गेले, चित्र लिव्हिंग रूममध्ये सोफ्याच्या वर लागलं आणि देवी पुन्हा कपड्यांच्या घडीत गेली. बाबा दापोलीच्या खालच्या अंगाला, अगदी समुद्राला टेकलेल्या एका गावातले. आई नागपूरची. लग्न होईपर्यंत तिनं पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे अंबाझरीचा तलाव, आणि समुद्र त्याहून फार वेगळा असेल असं तिला मनापासून कधी वाटलं नाही. आमच्या घरात त्यामुळे दोन देश नांदत होते. मंगळवारी गोळाभात आणि वर चरचरीत फोडणीचं तेल, बुधवारी सोलकढी. आई खायची तेव्हा बाबांच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि बाबा सोलकढीचा भुरका मारायचे तेव्हा आई खिडकीबाहेर बघायची. गणपतीत तर लढाईच. बाबांना उकडीचे मोदक हवे, आईच्या मते मोदक तळायचा असतो. उकडलेला मोदक हा आजाऱ्याचा पदार्थ. गोडी होती ती भांडणातच, हे मला फार उशिरा कळलं. मी तेव्हा अमेरिकन शाळेत जाणारी मुलगी, मला दोन्ही मोदकांपेक्षा पिझ्झा आवडायचा.

तर बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला ते चित्र दाखवू लागले. ही आमची होडी, ही आमची गाय (गाय अंगानं अंमळ जास्तच भरलेली होती, पण ती चाऱ्याची कमाल), हे डोंगरावरचं आमचं देऊळ. पाहुणे माना डोलवायचे. आई मात्र चहा देता देता एकच काडी टाकायची.

"पण तुम्हीच तर सांगता ना, समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की देवळाचा डोंगर उजवीकडे? यात डावीकडे आहे."

इथे बाबांचं घोडं अडायचं. गावच्या गोष्टी ते हजारदा सांगायचे, आणि प्रत्येक गोष्टीत डोंगर उजवीकडे असायचा. उजवीकडे डोंगर, डोंगरावर देऊळ, देवळाच्या शिखरावर घार. यात कधी बदल नाही. त्यामुळे चित्र गावाचं म्हणावं तर डोंगर चुकीचा, आणि डोंगर बरोबर म्हणावा तर चित्र इंग्रजांचं. बाबा म्हणायचे, "चित्रकारानं जागा बघून बसवला असेल." पण तो कुसळासारखा त्यांच्या बोटात राहून गेला होता.

का राहिला होता, ते सांगायला हवं. दर वर्षी श्रावण लागला, की गावाहून अण्णाकाकांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा फोन यायचा. कोकणातला माणूस जगाच्या पाठीवर कुठेही असो, गणपतीला घरी जातो. नाही गेला तर त्याची चौकशी होते, आजारी आहे की काय म्हणून. अण्णाकाका विचारायचे, "येतोस ना रे?" आणि बाबा म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." पहिली काही वर्षं कागदपत्रांचं कारण होतं, देश सोडला तर परत येता येईल की नाही याची भीती होती. मग कागद झाले, तर नेमकी त्याच महिन्यांत प्लँटवर नव्या मॉडेलची धांदल. मग माझी शाळा. सारा महाराष्ट्र गणपतीला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतो. आमच्या घरी अण्णाकाका हेच बाबांना म्हणायचे. फरक इतकाच, की गणपती दर वर्षी यायचा. फोन ठेवल्यावर बाबा जरा वेळ त्या चित्रासमोर उभे राहायचे. मला त्यांची पाठ दिसायची आणि त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, एवढं कुणी न सांगता कळायचं.

बाबांचं काम मोटारींच्या दारांचे साचे करायचं. पोलादाच्या दोन प्रचंड ठोकळ्यांमध्ये पत्रा दाबला की दार तयार. साच्यात सगळं उलटं असतं. जिथे दार फुगीर तिथे साचा खोल, जिथे खाच तिथे उंचवटा. "मी आयुष्यभर उलटंच बघत आलोय," असं ते अभिमानानं म्हणायचे, आणि आई म्हणायची, "ते मला वेगळं सांगायला नको." त्या वर्षी शाळेत आम्हाला मिसेस वॉल्श नावाच्या चित्रकलेच्या बाई होत्या. घरातली एखादी जुनी वस्तू आणा म्हणाल्या, मी ते चित्र नेलं. बाईंनी ते खिडकीशी धरलं आणि हरखूनच गेल्या. हे पेनानं काढलेलं नाही, म्हणाल्या. हे लाकडात कोरलंय. गुळगुळीत ठोकळ्यावर बारीक टोकाच्या हत्यारानं रेघा कोरायच्या, वर शाई फिरवायची आणि कागद दाबायचा. कोरलेलं पांढरं राहतं, न कोरलेलं काळं उठतं. आणि अर्थात सगळं उलटं छापलं जातं, डावीकडचं उजवीकडे.

ही माहिती मी रात्रीच्या जेवणात, भाताबरोबर तोंडी लावायला म्हणून, आणि माझ्या इंग्रजीत सांगितली. बाबांचा घास हातात राहिला.

"काय म्हणालीस? छापताना उलटं होतं?"

"येस बाबा. लाइक अ मिरर."

"म्हणजे त्या इंग्रजानं लाकडावर कोरला तेव्हा डोंगर उजवीकडेच होता!" बाबा उभेच राहिले. "ऐकलंस का गो? त्यानं बरोबर कोरलं होतं. छापताना बिघडलं!"

"बसा आणि जेवा," आई म्हणाली. "भात थंड होऊन राहिला."

पण बाबा आता बसणाऱ्यातले नव्हते. त्या वर्षी ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष होते. मंडळ म्हणजे आसपासच्या गावांतली मराठी कुटुंबं. वर्षातून एकदा शाळेचं कॅफेटेरिया भाड्यानं घेऊन गणपती बसवायचा, नाटक करायचं आणि जेवणावरून भांडायचं. गणपतीच्या आमंत्रणाचं कार्ड दर वर्षी सेक्रेटरी देवधरकाका करायचे. देवधरकाका पुण्याचे, तेव्हा जास्त सांगायला नको. त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता आणि त्यातून निघालेला गणपती जिन्याच्या पायऱ्यांसारखा दिसायचा. बाबांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं, की या वर्षी कार्ड आपण लाकडात कोरून छापणार, आणि त्यावर कोकणातल्या समुद्रकिनाऱ्यावर बसलेला गणपती असणार. देवधरकाका म्हणाले, "उत्तम. पुढच्या वर्षी ताम्रपट काढू."

बाबांनी माझ्याकडून पातळ कागदावर ते चित्र जसंच्या तसं गिरवून घेतलं. घरं, जाळी, गाय, डोंगर डावीकडे. फक्त टोपलीवाल्या बाईच्या जागी, पालथ्या होडीवर मांडी घालून बसलेला गणपती. तो मी आमच्या देवघरातला समोर ठेवून काढला. चांगला डाव्या सोंडेचा, गोरापान, लाडू खाऊन तृप्त झालेला. मग बाबांनी तो कागद ठोकळ्यावर ठेवला. मी मिसेस वॉल्शचा धडा आठवून म्हटलं, "बट बाबा, शुडन्ट वी फ्लिप इट?"

"अजिबात नाही!" बाबा म्हणाले. "तीच तर गंमत आहे. असाच कोरायचा. छापला की डोंगर जाईल उजवीकडे, आणि गाव होईल बरोबर."

आयुष्यभर उलटं बघणाऱ्या माणसाला मी कागद चिकटवायला टेप आणून दिली.

त्यानंतर आमच्या बेसमेंटमध्ये जे चाललं त्याचे आवाज माझ्या कानात अजून आहेत. कपडे धुण्याच्या मशीनची घरघर, ड्रायरमध्ये फिरणाऱ्या एखाद्या बटणाची टिकटिक, वरून कुकरच्या शिट्ट्या, आणि या सगळ्याखाली लाकडावर चालणाऱ्या हत्याराचा 'खिस्, खिस्' असा बारीक आवाज. हत्यारं बाबांनी प्लँटमधल्या तुटक्या पोलादाला धार लावून स्वतःच केली होती. नाकावर चष्मा, त्यावर आणखी एक भिंग, आणि तोंडानं गावच्या भजनी मंडळातली कुठलीशी ओळ, जिचा पुढचा भाग ते विसरले होते, म्हणून तीच पुन्हा पुन्हा. मधेच थांबून मला सांगायचे, इथे खडक आहे, ओहोटीला इथे कालवं मिळतात, इथे अण्णा घसरून पडला होता. इंग्लंडच्या त्या बिचाऱ्या किनाऱ्यावर आमच्या घराण्यातले सगळे जण एकेकदा पडून झाले. आई कपड्यांची टोपली घेऊन खाली यायची, आणि "बाप्पा, काय पसारा करून राहिले," म्हणत लाकडाचा भुसा झाडायची. पण झाडता झाडता ठोकळ्याकडे बघायची, हेही मी पाहिलं आहे.

शेवटी एका रविवारी दुपारी पहिली प्रत काढायची ठरली. ठोकळ्यावर शाई फिरवली, वर कागद ठेवला, आणि आईच्या स्वयंपाकघरातली मोठी पळी उलटी धरून बाबांनी तो घासघासून दाबला. मग एका कोपऱ्याला धरून हळूच उचलला. लाटा उठल्या, जाळी उठली, आणि उजवीकडे, अगदी जिथे असायला हवा तिथे, डोंगर उठला. वर देऊळ. बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. आई खालच्या आवाजात म्हणाली, "सुंदर झालंय हो." नागपूरच्या माणसानं समुद्राला सुंदर म्हणण्याची आमच्या घरातली ती पहिली वेळ. आम्ही तिघं डोंगराकडे बघत होतो. तिघंही. गणपतीकडे कोण बघणार? तो तर घरचाच.

मिसेस वॉल्शच्या वर्गात छापण्याचं यंत्र होतं, त्यावर शनिवारी सगळी कार्डं छापून झाली. आईनं ती पाकिटांत भरली, मी तिकिटं चिकटवली, बाबांनी एक कार्ड खास वेगळ्या पाकिटात घालून अण्णाकाकांना गावी पाठवलं. तीन-चार दिवसांनी संध्याकाळी पहिला फोन आला. देवधरकाकूंचा.

"वहिनी, कार्ड बघितलंत का तुम्ही?"

"हो, छान झालंय ना?"

"छान आहे हो. पण सोंड कुठे आहे ती बघा."

आईनं फ्रिजवर मॅग्नेटनं लावलेलं कार्ड बघितलं आणि फोन हातात धरून खुर्चीवर बसली. डोंगराबरोबर बाप्पाही फिरला होता. उजव्या सोंडेचा! आता उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे काय, हे मराठी माणसाला सांगायला नको. अत्यंत कडक. त्याचं सोवळंओवळं वेगळं, त्याला विटाळ चालत नाही, चूक चालत नाही, आणि एकदा घरात आला की त्याला टाकता येत नाही. असा बाप्पा आम्ही पोस्टाचं तिकीट लावून मिशिगनातल्या तमाम मराठी घरांत पाठवून दिला होता. आणि तो बसला कुठे होता? फ्रिजच्या दारावर, आत कोंबडी असलेल्या.

मग फोन थांबेनात. कुणी कार्ड काढून देवघरात ठेवलं आणि मग देवघर बाथरूमच्या भिंतीला लागून आहे हे आठवून घाबरलं. कुणी विचारलं, कार्ड रीसायकलच्या डब्यात टाकलं तर चालेल का? दुसऱ्यानं त्याला विचारलं, तुझी हिंमत होईल का? एकाची गाडी हायवेवर बंद पडली, एकाच्या बायकोचा व्हिसा अडकला, एकाच्या बेसमेंटमध्ये पाणी शिरलं. सगळ्याचं मूळ आमच्या घरी. तसा श्रावणच चालू होता, पण आमच्याकडे श्रावण पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्या वर्षी सगळ्यांनी पाळला. बार्बेक्यू कॅन्सल झाले. पोरं रडकुंडीला आली. देवधरांचा निखिल मला शाळेच्या बसमध्ये म्हणाला, "युअर डॅड टुक माय पेपरोनी." पिझ्झ्यावरचं ते मांस आमच्याही घरी नव्हतंच.

रविवारी आमच्या लिव्हिंग रूममध्ये, त्या चित्राच्याच खाली, कमिटी बसली. देवधरकाका कार्ड रेशमी रुमालात गुंडाळून घेऊन आले होते.

"अध्यक्ष मोटारीची दारं करतात ना?" त्यांनी सुरुवात केली. "डावं दार उजवीकडे बसवत नाहीत म्हणजे मिळवली."

बाबा मान खाली घालून बसले होते. इतका अपमान त्यांनी कधी सोसला नसेल. पण देवधरांचा टोमणा त्यांना लागला नाही, त्यांना लागलं ते ठोकळ्याबद्दलचं. देवधरकाकांचं म्हणणं, कार्डं परत मागवावीत, नवी कॉम्प्युटरवर काढावीत आणि तो ठोकळा रंधा मारून साफ करून टाकावा. शेवटी शॉमबर्ग गावच्या गुरुजींना फोन लावला. गुरुजी आठवडाभर एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचे आणि शनिवार-रविवार सत्यनारायण सांगायचे, त्यामुळे चूक सापडली की त्यांचा आवाज खुलायचा.

"प्राणप्रतिष्ठा झालीय का?" स्पीकरवरून गुरुजींनी विचारलं.

"नाही. पोस्टानं पाठवलंय," देवधरकाका म्हणाले.

"मग शास्त्राप्रमाणे तो कागद आहे. काही बंधन नाही."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "पण मला तेवढं ते पाठवू नका, काय? आमच्याकडे पाहुणे यायचेत."

झालं! शास्त्र एका बाजूला आणि गुरुजींचे पाहुणे एका बाजूला. शेवटी असं ठरलं, की प्रत्येकानं आपलं कार्ड उत्सवाला आणावं, मूर्तीशेजारी परडीत ठेवावं आणि मूर्तीबरोबर विसर्जन करावं. ठोकळ्याचा निर्णय नंतर. तोवर ज्यानं त्यानं आपापल्या फ्रिजशी प्रामाणिक राहावं.

उत्सवाच्या शनिवारी सकाळी बाबा धोतराशी झटापट करत होते. आई तळणीचे मोदक डब्यात भरत होती. फोन वाजला. गावी तेव्हा संध्याकाळ असणार. अण्णाकाकांचा आवाज असा, की फोन कानाला लावायची गरज नसे. तो स्वयंपाकघरभर ऐकू यायचा.

"कार्ड पोचलं रे. गणपती झकास कोरलास. गायही बरी आहे, खाऊनपिऊन सुखी दिसते. पण मला एक सांग, डोंगर कुणी हलवला?"

"म्हणजे?"

"म्हणजे डोंगर उजवीकडे कसा? अमेरिकेस घेऊन जाताना फिरला की काय?"

बाबा हसले. "अण्णा, डोंगर उजवीकडेच आहे. समुद्राकडे तोंड केलं की उजवीकडे."

"अरे, मी आत्ता ओटीवर उभा आहे, समुद्राकडे तोंड करून. डाव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला देऊळ. उजव्या हाताला खाडी. हलला असता तर ग्रामपंचायतीनं कळवलं असतं."

बाबांनी फोन कानापासून दूर धरला. निऱ्या हातातून सुटल्या होत्या. तसेच ते लिव्हिंग रूममध्ये गेले आणि चित्रासमोर उभे राहिले. डावीकडे डोंगर, डाव्या हाताला देऊळ. इंग्रजानं त्याचा कुठलासा किनारा कोरला होता, आणि तो मुळातच आमच्या गावासारखा होता. बिघडवला होता तो बाबांनी. आई मोदकाचा डबा हातात घेऊन त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. बाबा भिंतीशी बोलावं तसे बोलले.

"मी शिकायला म्हणून निघालो तेव्हा मचव्यात बसून मोठ्या बोटीपर्यंत गेलो होतो. तेव्हा किनाऱ्याकडे बघत होतो सारखा. दिसेनासा होईपर्यंत. त्या वेळी डोंगर उजवीकडे होता." थोडं थांबून म्हणाले, "नंतर रस्ता झाला, एस.टी. आली. पण डोळ्यांत राहिला तो तोच."

आईनं त्यांना काही टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "म्हणजे सगळं बालपण तिथं काढलं, आणि लक्षात राहिलं ते निघतानाचं?" आणि मग डबा टेबलावर ठेवून तिनं फोन उचलला. अण्णाकाका अजून तिकडे "हॅलो, हॅलो" करत होते. "भाऊजी," ती म्हणाली, "पुढच्या वर्षी आम्ही येऊन राहिलो. तिघं. मी सांगते ना, मी. आणि हो, उकडीचे मोदक मला शिकवायला सांगा वहिनींना."

उत्सवात आरती झाली, नाटक झालं, जेवणावरून भांडण झालं. परडीत मात्र कार्डं फारशी जमलीच नाहीत. जो तो म्हणे, घरी राहिलं, विसरलो. इतके दिवस सांभाळल्यावर कुणाचा जीव होईना. देवधरकाकांचं तर शेवटपर्यंत त्यांच्या देवघरात होतं. अलीकडे ते वारल्यावर निखिलनं मला त्या कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, खाली लिहिलं होतं, 'स्टिल नो पेपरोनी.' ठोकळ्याला रंधा लागला नाही. तो आत्ता हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. गंमत अशी, की ठोकळ्यावर सगळं बरोबर आहे. सोंड डावी, डोंगर डावीकडे. फक्त छापायला जाऊ नये.

पुढच्या वर्षी आम्ही गेलो. घरी पोचल्यावर बाबांनी बॅगसुद्धा खाली ठेवली नाही, तसेच खाली वाळूत, पुळणीवर गेले. मागे अण्णाकाका, आई आणि मी. पाऊस नुकताच थांबला होता, समुद्र गढूळ आणि रागावलेला होता. आणि डोंगर डावीकडे. आई म्हणाली, "अगदी आपल्या फ्रेममधल्यासारखं!" अण्णाकाका हाताची घडी घालून उभे होते, ते खाकरले. बाबांनी बॅग माझ्याकडे दिली, बूट काढले, अमेरिकन पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली आणि सरळ पाण्यात शिरले. गुडघाभर पाण्यात जाऊन वळले, किनाऱ्याकडे तोंड करून हात लांब केला आणि मोठ्यानं ओरडले, "बघ अण्णा! बघ! उजवीकडे!"

"अहो, बरोबर आहे तुमचं, पण बाहेर या!" आई ओरडत होती.

"मला ठाऊक आहे," अण्णाकाका म्हणाले. ते ओरडले नाहीत, पण त्यांचा आवाज पोचायचाच. "त्या दिवशी मचवा वल्हवत कोण होता? मीच ना? मलाही उजवीकडेच दिसला. पण मी परत आलो रे."

बाबांचा हात तसाच राहिला. तेवढ्यात पाठीमागून एक लाट आली आणि बाबांना डोक्यापासून पायापर्यंत भिजवून गेली. चष्मा कसाबसा वाचला. ते ठिबकत, खोकत, हसत की रडत ते कळू न देता बाहेर आले आणि भावासमोर उभे राहिले. अण्णाकाकांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ओलेता आहेसच," ते म्हणाले. "सोवळं झालं. आता असाच घरी चल, पहिली आरती तुझी."